वाहणाऱ्याचं नाव

यवतमाळ जिल्ह्यात शेतीला सरकारकडून काय मिळालं आणि ते कोणाच्या हाती पडलं, हे शोधायला मंत्रालयातल्या फायलींपर्यंत जायची गरज नाही. तो सगळा इतिहास पटवाऱ्याच्या दप्तरात आहे. सरकारी कागदावर आम्ही तलाठी होतो, पण आमच्याकडे अजूनही सगळे पटवारीच म्हणतात. माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली. सातबारा मी हाताने लिहिला आणि निवृत्तीआधी तो संगणकावर चढतानाही पाहिला. त्या काळात योजना किती आल्या आणि गेल्या! बियाण्याच्या, विहिरीच्या, फळबागेच्या, ठिबकच्या, कर्जमाफीच्या. प्रत्येक अर्जाला जोडायचा पहिला कागद मात्र एकच, सातबारा.

माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे. ज्याचं नाव सातबाऱ्यावर तोच शेतकरी, हे इंग्रजांनी साऱ्याच्या वसुलीसाठी ठरवलं होतं. आपण मदत वाटतानाही तेच धरून बसलो, आणि वावर खरोखर वाहणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिले.

वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं १८५३ साली, निजामाकडून. त्यांना इथला कापूस हवा होता. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. शेतांना नंबर पडले, धुरे ठरले आणि प्रत्येक नंबरापुढे सारा भरणाऱ्या खातेदाराचं नाव चढलं. वर्धा नदीच्या पलीकडे मालगुजारी होती, तिथे गावाचा सारा मालगुजार भरायचा. अलीकडे, आमच्या बाजूला, रयत थेट सरकारच्या वहीत आली. जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी होतं. यवतमाळ हे नाव १९०५चं. वहीचा पहिला उपयोग सरळ होता. सारा थकला तर कोणाच्या दारात जायचं, हे तिच्यावरून कळे.

मदत आली ती याच वहीच्या आधाराने. १८८३ साली जमीन सुधारणा कर्जाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी शेतकरी कर्जाचा. पहिल्यातून विहीर, बांधबंदिस्ती यांसाठी पैसा मिळायचा, दुसऱ्यातून बी आणि बैलांसाठी. लोकांच्या तोंडी दोन्हींचं नाव एकच, तकावी. तारण म्हणून जमीन, आणि थकली तर वसुली साऱ्याच्या थकबाकीसारखी, म्हणजे जप्तीसकट. सरकारच्या बाजूने हा पक्का व्यवहार होता. मात्र ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याच्याकडे तारण ठेवायला काय असणार? म्हणून १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००चा दुष्काळ पडला तेव्हा गावाची दोन भागांत वाटणी झाली. खातेदाराच्या वाट्याला तकावी आणि साऱ्याची तहकुबी आली. बाकीच्यांच्या वाट्याला दुष्काळी कामावरची खडी. दुसऱ्याचं वावर बटईने वाहणारा माणूस या दुसऱ्या भागात पडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पीक त्याचंही बुडालं होतं, बी त्याचंही मातीत गेलं होतं, पण सरकारच्या लेखी तो मजूर होता.

१९०४च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. पण १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी झाली, तेव्हा शेतकऱ्याच्या शंभर रुपयांच्या कर्जात सहकाराचे ३.१ आणि सरकारचे ३.३ रुपये निघाले. तकावी सुरू होऊन सत्तर वर्षं झाल्यावरची ही स्थिती. बाकीचा बहुतेक पैसा सावकाराचा. यानंतर गावोगाव विविध कार्यकारी सोसायट्यांचं जाळं वाढलं, आणि पीककर्ज म्हणजे सोसायटी हे समीकरण झालं. सोसायटीचा सभासद व्हायला काय लागतं? जमिनीचा उतारा.

आता ज्या वळणावर वाहणारा माणूस वहीतून पुसला गेला तिथे थोडं थांबतो. १९५८ साली विदर्भासाठी वेगळा कुळवहिवाट कायदा झाला. त्यानुसार १ एप्रिल १९६१ला कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक ठरायची होती. कायद्याचा हेतू मोठा होता. त्यातून मालक झालेल्या घरांचे फेरफार मी जुन्या वह्यांत वाचले आहेत. त्यांच्या नातवंडांनी पुढे त्याच उताऱ्यावर कर्ज काढून विहिरी पाडल्या. ज्यांना मिळालं त्यांचं आयुष्य बदललं, यात शंका नाही. पण जमीनधारकांनी त्यातून एक धडा घेतला: कुळाचं नाव पुन्हा कधी कागदावर येऊ द्यायचं नाही. जमीन दुसऱ्याला वाहायला देणं काही बंद झालं नाही. ते फक्त तोंडी झालं.

आमच्याकडे पाडव्याच्या आसपास मक्त्याचा सौदा होतो. एकरामागे ठरलेली रक्कम पेरणीआधी रोख मोजायची. पाऊस आला काय, न आला काय, मालकाचा पैसा सुटला. बटईत खर्च आणि पीक वाटून घेतात, म्हणून गरीब माणसाला ती बरी वाटते, पण अलीकडे मालकांना मक्ताच सोयीचा पडतो. कागद होत नाही. क्वचित झालाच तर स्टॅम्पवर हातउसन्या रकमेचा मजकूर लिहितात, त्यात शेताचा उल्लेखही नसतो.

गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हंगाम, पीक, क्षेत्र, पाणी कशाचं, हे रकाने भरत गेलं की पुढे एक रकाना यायचा, जमीन करणाऱ्याच्या नावाचा. पीकपाहणीला आम्ही पटवारी शिवारात जायचो तेव्हा समोर डवरणी करणारा माणूस एक आणि रकान्यात जाणारं नाव दुसरं, हे रोजचं होतं. खातेदाराखेरीज दुसराच कोणी वहिवाट करताना आढळला, तर त्याची नोंद वेगळ्या नमुन्यात, चौदा नंबरात, भरून तहसीलदाराकडे पाठवायची, असा नियम आहे. पण चौदा नंबर भरायचा म्हटला की सर्वांत आधी हात कोण जोडायचा? मालक नव्हे, मक्तेदार. "पटवारी साहेब, माहं नाव नका लिहू. मालकाले समजलं तं पुढच्या साली वावर भेटनार नाही." असं धुऱ्यावर उभं राहून सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. कायद्याने ज्याला संरक्षण द्यायचं ठरवलं तोच कायद्याला घाबरत होता. रकान्यात मालकाचं नाव जायचं आणि खाली 'खुद्द'.

वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्याचे, पुसदजवळच्या गहुलीचे. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी, कापूस एकाधिकार खरेदी आणि रोजगार हमी या तिन्हींचा पाया त्यांच्या काळातला. एकाधिकार योजनेचा कायदा १९७१चा. खासगी व्यापाऱ्याला बाजूला सारून सरकारने सगळा कापूस हमीभावाने घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. गाड्यांच्या रांगा, चुकाऱ्याची वाट, प्रतवारीवरून होणारी भांडणं हे सगळं खरं आहे, आणि तरी पडत्या बाजारात तिने वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला हात दिला, असं मी आजही म्हणेन.

पण मला सर्वांत जास्त आदर आहे तो रोजगार हमीबद्दल. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. वि. स. पागे यांनी तिचा आग्रह धरला होता. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. हजेरीपटावर नाव चढायला सातबारा लागत नव्हता. काम मागितलं की काम. पाझर तलावाच्या भरावावर, बांधबंदिस्तीवर आठवड्याचा पगार वाटला जायचा तेव्हा रांगेत बायकाच जास्त असत आणि त्यांचा अंगठा त्यांच्याच नावापुढे उठायचा. ज्या घरातल्या बाईचं नाव कुठल्याही सरकारी वहीत नव्हतं, तिचं नाव पहिल्यांदा हजेरीपटावर आलं. पण त्या कामातून जी मालमत्ता उभी राहिली ती परत जमिनीला जाऊन मिळाली. बांध पडले ते खातेदारांच्या वावरात, पाझर तलावाचं पाणी उतरलं ते खालच्या बाजूच्या विहिरीत. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली. ती चांगलीच होती, पण संत्र्याची, आंब्याची कलमं लावायला स्वतःचं वावर हवं, आणि उन्हाळ्यात ती जगवायला पाणी हवं.

ठिबकचंही तेच. महाराष्ट्राने १९८६-८७ सालीच ठिबकला अनुदान सुरू केलं, देशात सर्वांत आधी. पण ठिबक बसवायची तर विहीर पाहिजे, विहिरीवर वीजजोडणी पाहिजे, आणि अनुदान नंतर येणार म्हणून आधी खिशातून घालायला पैसा पाहिजे. यवतमाळची बहुतेक शेती कोरडवाहू. ज्याच्याकडे पाणी होतं त्याचं पाणी वाचलं. ज्याच्याकडे नव्हतं तो आभाळाकडे पाहत राहिला.

मग २००५-०६ची वर्षं आली. आत्महत्यांमुळे यवतमाळचं नाव देशभर झालं. डिसेंबर २००५मध्ये राज्याने १,०७५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. १ जुलै २००६ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात असताना केंद्राचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, सहा जिल्ह्यांसाठी. त्यातले ७१२ कोटी थकीत कर्जावरचं व्याज माफ करण्यासाठी होते, म्हणजे ज्याच्या नावे बँकेत खातं होतं त्याच्यासाठी. सर्वांत मोठा हिस्सा, २,१७७ कोटी, सिंचन प्रकल्पांचा. अनुदानावर दुभत्या गाईसुद्धा वाटल्या. वैरण नसलेल्या कोरड्या गावांत त्या परजातीच्या गाई नेऊन बांधल्या आणि काही महिन्यांत लोकांनी विकून टाकल्या.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत होती. ३० हजार रोख, ७० हजार ठेव म्हणून. २००६च्या शासन निर्णयाने तिच्या अटी ठरल्या. जमीन मृताच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावे हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. परतफेडीचा तगादा दिसला पाहिजे. अटी बसल्या तर प्रकरण पात्र, नाहीतर अपात्र. हे दोन शब्द त्या काळात आमच्या गावांत लहान मुलांनाही ठाऊक झाले होते.

पंचनामा आणि अहवालासाठी पहिला कागद पटवाऱ्याचा. अशाच एका कामासाठी एका घरी गेलो होतो. नवऱ्याने मक्त्याने आठ एकर कापूस केला होता. बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर, मक्त्याचा पैसा गावातल्या एकाकडून व्याजाने. त्याच्याकडे सावकारीचा परवाना नव्हता. घरात उधारीच्या पावत्यांची पिशवी होती, ती बाईने माझ्यापुढे रिकामी केली. मी प्रत्येक पावती वाचली. तारखेनिशी सगळा हिशेब त्यात होता: बियाण्याच्या थैल्या, दुबार पेरणीच्या पुन्हा थैल्या, फवारणीची औषधं, पंप दुरुस्ती. मी सातबाऱ्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वावर आमचं नोयतं हे मले मालूम हाय, भाऊ. पण कापूस तं आमचाच होता ना?" अहवालात मी पावत्यांचा उल्लेख केला, मक्त्याचा केला, किती एकर आणि कोणत्या नंबरात तेही लिहिलं. नियमात बसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. प्रकरण अपात्र झालं. जिल्ह्यातल्या अपात्र प्रकरणांची यादी लांब होती, आणि असं घर तिच्यात एकटं नव्हतं.

कर्जमाफ्यांचा इतिहास लोकांना तोंडपाठ आहे, म्हणून त्यातल्या कामाच्या गोष्टी तेवढ्या सांगतो. १९९०ची माफी दहा हजारांपर्यंतच्या कर्जाची होती. २००८ची फार मोठी. आधी ६० हजार कोटी जाहीर झाले, मग आकडा ७१ हजार कोटींच्या वर गेला. तिच्यात दोन हेक्टरची रेषा आखली होती. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला आधी आपला हिस्सा भरायचा आणि मग सवलत घ्यायची. ओलिताखालच्या ऊसपट्ट्यात चार एकरवाला खाऊनपिऊन सुखी असतो, आणि आमच्या मुरमाड कोरडवाहूत आठ एकरवाल्याचं वर्ष निघत नाही. रेषेने चार एकरवाल्याला लहान ठरवलं, आठ एकरवाल्याला मोठं. पुढे महालेखापरीक्षकांनी २०१३च्या अहवालात दाखवून दिलं की तपासलेल्या खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत चुका होत्या. पात्र माणूस राहून गेलेला आणि अपात्राला मिळालेलं, दोन्ही. २०१७च्या माफीत कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा आणि ऑनलाइन अर्ज, २०१९च्या माफीत दोन लाख. सगळ्यांत गृहीत धरलेला शेतकरी मात्र एकच: बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज मिळालेला, म्हणजे उतारा असलेला. सावकाराच्या आणि कृषी केंद्राच्या उधारीवर शेती करणाऱ्याला माफ करण्यासारखं सरकारजवळ काही नव्हतंच.

२०१९च्या फेब्रुवारीत पीएम किसान आली. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. मधला माणूस गेला, हे मोठं काम झालं. वाटपातली कटकट मी जवळून पाहिली आहे. २०२३ साली राज्याने नमो योजनेतून आणखी सहा हजारांची भर घातली. पण अट अशी की १ फेब्रुवारी २०१९ला जमीन नावावर असली पाहिजे. वावर मक्त्याला देऊन नागपुरात, पुण्यात राहणाऱ्या खातेदाराला हप्ता येतो. ते वावर वाहणाऱ्याला येत नाही. अतिवृष्टीची मदत हेक्टरावर मोजतात आणि खातेदाराच्या खात्यात टाकतात. काही मालक ती मक्तेदाराला देतात, हे मी मुद्दाम नोंदवतो, पण ते त्यांच्या भलेपणावर आहे. पीकविम्यात मक्तेदाराला जागा आहे, भाडेकराराची नोंद केली असेल तर. आणि नोंद करायला मालक तयार होत नाही, त्याचं कारण वर सांगितलंच. कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभावाने द्यायचा तरी सातबाऱ्यावर पेरा लागतो. मग मक्तेदार एकतर मालकाची विनवणी करतो, नाहीतर खासगी व्यापाऱ्याला पडेल भावाने देऊन मोकळा होतो.

बायकांचं काय? १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. नवऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. आमच्या भागात त्या मोहिमेने नोंदवलेले फेरफार मी वाचले आहेत, आणि पुढे विधवा झालेल्या त्या बायकांचं वारसनोंदीत किती सोपं गेलं हेही पाहिलं. ज्यांच्या नावे काहीच नव्हतं त्यांना सासरच्या अंगठ्यांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं, आणि नाव चढेपर्यंत ना पीककर्ज, ना अनुदान.

केळापूर, झरी-जामणी, मारेगावच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, राहणाऱ्या कोलाम आदिवासींची तऱ्हा आणखी वेगळी. जंगलाच्या कडेची जमीन ते पिढ्यान्‌पिढ्या वाहतात. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल दंड केला की त्याची पावती जपून ठेवायची, कारण त्या जमिनीशी त्यांचा संबंध दाखवणारा दुसरा सरकारी कागदच नसायचा. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर त्याच दंडाच्या पावत्या हक्काचा पुरावा म्हणून दाव्याला जोडता आल्या.

यावर उपाय नाही असं नाही. आमच्या पैनगंगेच्या पलीकडच्या तेलंगणाने २०१८ साली शेतकऱ्यांना मदतीची रयतु बंधू योजना आणली, तिच्यात कौलदार, म्हणजे मक्तेदार, वगळले. शेजारच्या आंध्रने मात्र २०१९ साली कसणाऱ्याच्या हक्काचा कायदा केला. मालकाच्या सहीने अकरा महिन्यांचं कार्ड, त्यावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, आणि मालकाच्या हक्काला कुठेही धक्का नाही. तिथेही मालक सही द्यायला कचरतात, पण निदान दार आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी आली आहे. मक्तेदारच मोबाइल घेऊन वावरात उभा राहतो, कापसाचा फोटो काढतो, आणि तो खातेदाराच्या खात्यावर चढतो. त्याच ॲपमध्ये वाहणाऱ्याच्या नावाचा रकाना ठेवा, एका हंगामापुरता. त्याचा कुळहक्काशी संबंध नाही हे कायद्यातच लिहा, म्हणजे मालक घाबरणार नाही. विमा आणि अतिवृष्टीची मदत त्या नावावर द्या, हमीभावाने खरेदीही त्याच नावावर करा. पीएम किसान मालकाला राहू द्या वाटल्यास. पटवाऱ्याला त्यासाठी नवीन वही लागणार नाही. आणि पुढच्या पाडव्याला मक्ता ठरेल तेव्हा आपलं नाव लिहा म्हणून मक्तेदाराला कोणापुढे हात जोडावे लागणार नाहीत, लिहू नका म्हणूनही नाहीत.